कमी पडलेले नव्वद मीटर

या सगळ्या प्रकरणात मला मिळणार होते वर्षाला बारा हजार. शाळेच्या बसचे महिन्याला बाराशे, सुट्टीचे दोन महिने वजा जाता उरले दहा. आकडेमोड सोपी होती, हाच घोळ झाला. अवघड असती तर मी ती कागदावर मांडली असती आणि वेळीच गप्प बसलो असतो.

या बारा हजारांवर माझा हक्क आहे, हे मला साडूने सांगितलं. साडू गावाबाहेर राहतो, इतका बाहेर की त्याच्याकडे जायचं म्हटलं की आम्ही आदल्या दिवशी ठरवतो आणि त्या दिवशी रद्द करतो. त्याची दोन्ही मुलं पालिकेच्या शाळा-बसने फुकट जातात. आमच्या घरी चहा पिताना तो म्हणाला, "अहो, बसचे पैसे तुम्ही भरता? अजून?" यातलं 'अजून' त्याने माझ्या बायकोकडे बघून म्हटलं. चाळिशीतला माणूस अजून बोट धरून रस्ता ओलांडतो असं कळल्यावर जो आवाज लागतो, तो त्याचा लागला होता.

मी विमा कंपनीत दावे तपासतो. लोकांनी मागितलेले पैसे त्यांना का मिळू शकत नाहीत हे सभ्य भाषेत कळवणं, हा माझा व्यवसाय. अशा माणसाने स्वतःचाच दावा न लावता वर्षानुवर्षं पैसे भरावेत, ही गोष्ट मला लागली. बारा हजारांपेक्षा जास्त लागली.

"भरतोय ते ठीक चाललंय," ही म्हणाली. "बस वेळेवर येते, पोरगी वेळेवर जाते, मी वेळेवर पोचते. उगाच हात लावू नका."

हिचं म्हणणं नीट समजून घ्यायला हवं होतं, म्हणून ते इथे नीट सांगतो. तेव्हा मी ते ऐकलं नव्हतं. ही पॅथॉलॉजी लॅबमध्ये पहिल्या पाळीला असते. रोज सकाळी लेकीला घेऊन आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीतल्या खिंडारातून पलीकडे जायचं, गोदामांच्या रस्त्यावर बसचा शेवटचा थांबा आहे तिथे तिला बसमध्ये बसवायचं आणि तसंच पुढे चालत लॅब गाठायची, असा तिचा क्रम. पहिल्या पाळीच्या प्रमुख बाई निवृत्त होणार होत्या आणि त्या जागेसाठी हिचं नाव पुढे होतं. अट एकच, उशीर चालणार नाही. लॅबमध्ये सकाळी उपाशीपोटी आलेली माणसं बाह्या वर करून बसलेली असतात. त्यांना ताटकळत ठेवलं की ती रक्त द्यायच्या नाही, काढायच्या मनःस्थितीत जातात. बारा वर्षं सुया टोचल्यावर ही जागा हिला दिसायला लागली होती.

मी मात्र अर्ज केला.

पालिकेचा नियम तसा उदार आहे. शाळेपासून तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब राहणाऱ्या मुलाला बस मोफत. त्याहून जवळ राहत असाल तर पैसे भरा, जागा शिल्लक असली तर बसा. अंतर मोजायचं ते घराच्या दारापासून शाळेच्या फाटकापर्यंत, पायी जाता येईल अशा सर्वांत जवळच्या वाटेने. मी अर्जाला सहा कागद जोडले. मागितले होते चार. वरचे दोन मी माझ्या सवयीने जोडले. समोरचा माणूस दडपला पाहिजे.

खिडकीतल्या बाई दडपल्या नाहीत. त्यांनी संगणकात पाहिलं आणि अर्ज माझ्याकडे सरकवला.

"नव्वद मीटर कमी पडतात."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही नव्वद मीटर जवळ राहता."

"यात माझी काय चूक?"

"चूक नाही, साहेब. शुल्क आहे. पुढचे या."

अठरा वर्षं मी लोकांना 'पुढचे या' म्हणत आलो. ते शब्द खिडकीच्या या बाजूने ऐकायला इतके वाईट असतात याची मला कल्पना नव्हती. तरी मी बाजूला सरकलो नाही. वाकून विचारलं, "आणि समजा, अंतर वाढलं तर?"

"वाढलं तर फेरमोजणीचा अर्ज करा. पात्र असाल तर पास मिळेल. पात्र मुलांना थांबासुद्धा घराजवळ द्यायचा, असा नियमच आहे."

हे शेवटचं वाक्य मी घरी घेऊन आलो आणि जपून ठेवलं. पुढे त्याचा फार उपयोग झाला. मला नाही, एका व्हॅनवाल्याला.

नव्वद मीटरची बातमी सोसायटीत पसरायला जिना पुरतो. आमच्याकडे शाळेत जाणारी चौदा मुलं. त्यांच्या चौदा बापांपैकी प्रत्येकाला आपण आजवर फसवले गेलो आहोत असं त्याच संध्याकाळी वाटायला लागलं. मग सल्ले सुरू झाले. एक म्हणाला, तिसऱ्या मजल्याचे जिने धरलेत का? ते उभे असले तरी पाय चालतातच की. दुसऱ्याचं मत पडलं की मूल सरळ चालतच नाही. ते कुत्र्यामागे जातं, दगड उडवत जातं, तेव्हा मुलाचं अंतर वेगळं काढायला हवं. तळमजल्यावरच्या एकाने तर स्वयंपाकघराच्या खिडकीला दार बसवायची तयारी दाखवली, कारण ती शाळेच्या उलट दिशेला आहे.

शेवटी मोजणीकाका पुढे आले. काका भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे दांड्याला चाक लावलेलं एक मोजणीयंत्र आहे आणि खात्याने ते परत का मागितलं नाही, हा प्रश्न कुणी विचारत नाही. रविवारी सकाळी काका चाक ढकलत पुढे आणि आम्ही नऊ माणसं मागे, अशी मिरवणूक शाळेकडे निघाली. मी काकांना हळूच सुचवलं, "काका, वळणं जरा बाहेरून घ्या." काकांनी घेतली. एका वळणावर ते इतक्या बाहेरून गेले की गॅरेजवाल्याने त्यांना कोणती गाडी दाखवायची आहे असं विचारलं. इतकं करून शाळेच्या फाटकाशी काकांनी आकडा वाचला.

"पालिकेपेक्षा तीस मीटर कमी."

"कमी कसं, काका?"

"शास्त्र आहे," काका म्हणाले. "पालिकेने अंदाजे दिलंय. तुम्हाला उगाच तीस मीटर वाढवून मिळालेत. बोलू नका कुठे."

परत येताना खिंडाराशी आल्यावर काका थांबले. हे खिंडार म्हणजे आमच्या मागच्या भिंतीला पूर्वी कधीतरी एका ट्रकने दिलेली भेट. दुरुस्ती ट्रकवाल्याने करायची, गोदामवाल्याने की सोसायटीने, यावर पत्रं झाली. ती होईपर्यंत सगळ्यांना त्या वाटेची सवय लागली आणि विषय मिटला. काकांनी चाकाने खिंडाराला टकटक केलं.

"सगळी भानगड इथे आहे. ही वाट आहे म्हणून तुम्ही जवळ राहता. ही बुजवा. मग पुढच्या फाटकाने बाहेर, हमरस्ता, पूल, शाळेचा चौक. साडेतीनच्या वर जाता, सगळेच्या सगळे."

नऊ माणसांच्या तोंडावर एकदम उजेड पडला. लांब राहायला जायचा इतका स्वस्त मार्ग कुणाला सुचला नव्हता.

सोसायटीची सभा झाली. सभेत बसचा किंवा पासाचा उल्लेख कुणीही केला नाही. आम्ही सुसंस्कृत माणसं आहोत, आम्ही सुरक्षिततेवर बोललो. आमचे अध्यक्ष निवडून आलेले नाहीत. बाकी सगळे नको म्हणाल्यावर जे उरले, ते. ते म्हणाले, "मागून कुणीही येतं." खरं तर मागून फक्त आम्हीच येतो, पण टाळ्या पडल्या. मी विमाक्षेत्रातला जाणकार म्हणून चोरीच्या दाव्यांवर दहा मिनिटं बोललो. मूलबाळ नसलेल्या एका गृहस्थांनी "आपल्याकडे शेवटची चोरी कधी झाली?" असं विचारलं. त्यांना असल्या बेफिकिरीमुळेच चोऱ्या होतात हे समजावण्यात आलं. भिंत सोसायटीच्या खर्चाने बांधायची असा ठराव झाला. म्हणजे त्या गृहस्थांनीही वर्गणी द्यायची.

घरी हिने एकच प्रश्न विचारला.

"आणि बसच्या थांब्यावर कसं जायचं? उडत?"

"थांबा आपल्या फाटकावर येणार," मी म्हणालो. "पात्र मुलांना थांबा घराजवळ. नियम आहे."

"आधी थांबा येऊ दे. मग भिंत बांधा."

"अगं, भिंत नाही तर पात्रता नाही. पात्रता नाही तर थांबा कसा येईल? क्रम असतो."

"तुमच्या क्रमात माझी पाळी कुठे येते तेवढं सांगा."

"सगळ्यांचं सगळं होईल," मी म्हणालो. अशी वाक्यं मी कचेरीत रोज लिहितो. खाली सही करायची नसली की ती फार सहज येतात.

गवंडी आला, भिंत चढली. संध्याकाळी आम्ही चौदा बाप तिच्यासमोर उभे राहून समाधानाने बघत होतो. अध्यक्षांनी तर हाताने थोपटलं तिला. फेरमोजणी झाली. माणूस आला, पुढच्या फाटकाने गेला, तीन किलोमीटर सहाशे मीटर लिहून परत आला. चौदाच्या चौदा पास मंजूर. मी साडूला फोन करून इकडची तिकडची चौकशी केली आणि फोन ठेवता ठेवता म्हणालो, "हो, आमचंही झालं. आम्ही पण लांबच राहतो." तो फोन हा या प्रकरणातला माझा एकमेव निव्वळ नफा.

पासांवर थांबा छापलेला होता, 'गोदाम रस्ता, शेवटचा'. मी खिडकीकडे धावलो.

"बाई, हा थांबा भिंतीपलीकडे आहे. तिथे जायला वाट नाही."

"तुमच्या घरापासून साठ मीटर आहे," बाई म्हणाल्या. "याहून जवळ काय देणार? सगळ्या शहरात तुमचाच थांबा सर्वांत जवळ आहे."

"अहो, पण साठ मीटर सरळ रेषेत! मधे भिंत आहे!"

"थांब्याचं अंतर सरळ रेषेतच धरतात."

"आणि शाळेचं पायवाटेने?"

"ते पात्रता कक्ष. हे मार्ग कक्ष. वेगळे आहेत." मग त्या जरा कनवाळूपणे म्हणाल्या, "भिंत कधी झाली?"

"...नुकतीच."

"कुणी बांधली?"

मी म्हणालो, "सोसायटीने." एवढी मोठी संस्था असल्यासारखं म्हणालो.

मार्ग बदलण्याचा विचार पुढल्या वर्षीच्या आढाव्यात होईल असं कळलं. तोवर पास वापरला नाही तर? तर पास रद्द, आणि 'सवलतीचा लाभ न घेतल्याबद्दल' वर्षाचं पूर्ण शुल्क वसूल. पालिका बसवाल्याला डोक्यांवर पैसे देते. डोकी चढली नाहीत तर हिशेब लागत नाही. वाहक रोज थांब्यावर डोकी मोजतो, आणि मोजतो ती फक्त चढताना.

आता पुढचं जरा हळू वाचावं, कारण ते माझ्या स्वतःच्याच पचनी पडायला वेळ लागला. गोदामांचा रस्ता आमच्या भिंतीशी संपतो. त्याचं दुसरं टोक निघतं शाळेच्या चौकातून. तेव्हा भिंत बुजल्यावर आमच्या घरून त्या थांब्यावर जायचा रस्ता एकच: फाटक, हमरस्ता, पूल, शाळेचा चौक, आणि शाळेवरून पुढे गोदामांच्या रस्त्याने थेट आमच्या भिंतीपर्यंत.

चौदा मुलांसाठी व्हॅन ठरवली, सकाळी थांब्यापर्यंत आणि दुपारी शाळेतून थेट घरी. व्हॅनवाल्याने मार्ग ऐकला, पुन्हा ऐकला, आणि विचारलं, "शाळेवरूनच जायचंय ना? मग तिथेच सोडतो की."

"नाही. थांब्यावर सोडायचं."

"आणि थांब्यावरून?"

"थांब्यावरून बस त्यांना शाळेत नेईल. मोफत."

व्हॅनवाल्याने बोटांवर हिशेब केला. मग म्हणाला, "साहेब, महिन्याला पंधराशे पडतील एका मुलाचे. अंतर बरंच आहे." धंदा कसा करावा हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

म्हणजे बाराशे वाचवायला पंधराशे. पण हे पंधराशे खासगी होते. पालिकेला मी एक पैसा देत नव्हतो, आणि तत्त्व म्हणून काही असतं. पहिल्या दिवशी मी स्वतः व्हॅनमधून गेलो. शाळेचं फाटक आलं. रखवालदाराने हात केला. मुलांनीही हात केला. फाटक मागे गेलं.

"बाबा, शाळा गेली," लेक म्हणाली.

"जाऊ दे."

"आपण इथेच उतरू या ना!"

"नाही, बाळा. इथे उतरलं की पैसे पडतात."

"मग व्हॅनवाल्या काकांना आपण काय देतो?"

"तू खिडकीबाहेर बघ."

थांब्यावर आम्ही आमच्याच भिंतीच्या पाठीशी उभे राहिलो. वरच्या मजल्यावर आमची गॅलरी दिसत होती, दोरीवर माझा सदरा वाळत होता. अध्यक्षांच्या घरून फोडणीचा वाससुद्धा आला. वाहकाने चौदा डोकी मोजली आणि बस मुलांना घेऊन आल्या वाटेने परत गेली.

मुलं या प्रवासाने खूष होती. त्यांना एका शाळेसाठी दोन गाड्या मिळत होत्या. खूष नव्हती ती एक बाई. लॅब पलीकडे, गोदामांच्या रस्त्यावर. पूर्वी खिंडारातून पाच मिनिटं, आता गावाला वळसा. व्हॅनमध्ये मोठ्या माणसाला जागा नव्हती. माझ्या पहिल्या दिवसाचेही व्हॅनवाल्याने वेगळे घेतले. ही घरातून लवकर निघायला लागली, तरी दोनदा उशीर झाला. दुसऱ्यांदा लॅबच्या डॉक्टरांनी बोलावून घेतलं आणि तिसऱ्यांदा असं झालं तर प्रमुखाच्या जागेचा विचार दुसरीच्या नावाने करू, असं शांतपणे सांगितलं. घरी येऊन हिने ते मला तितक्याच शांतपणे सांगितलं. मी म्हणालो, "पुढल्या वर्षी आढावा आहे."

ती चिडली असती तर बरं झालं असतं, मला चिडण्याची उत्तरं येतात. तिने फोन उचलला आणि गवंड्याला उद्या सकाळी घण घेऊन यायला सांगितलं.

सकाळी पहिला घाव पडला आणि सगळी सोसायटी गॅलऱ्यांत आली. अध्यक्ष बनियनवर खाली धावले.

"वहिनी, हे काय? ठराव झालाय!"

"ठराव राहू दे तुमच्याकडे. मला फक्त वाट हवीय."

"अहो, चौदा पास जातील! चौदा घरांचा प्रश्न आहे!"

"पंधरावं माझं आहे," ही म्हणाली. "घाला हो तुम्ही घाव, थांबू नका."

"विमासाहेब, तुम्ही तरी बोला!" अध्यक्ष माझ्याकडे वळले.

मी बोलणारच होतो. पण त्या वेळी माझ्या हातात हिची पर्स होती. तिनेच धरायला दिली होती, आणि बायकोची पर्स छातीशी धरून पुरुषाला ठाम भूमिका घेता येत नाही. मी म्हणालो, "बघू या." नेमकं काय बघायचं ते मलाही माहीत नव्हतं.

अध्यक्षांनी नियम वाचायला सुरुवात केली. ते तिसऱ्या कलमावर असताना भोक माणूस जाईल एवढं झालं, आणि त्यातून पहिली पलीकडे गेली ती अध्यक्षांची बायको, हातात पिशवी घेऊन. "पलीकडच्या दुकानात जाऊन येते," ती जाता जाता म्हणाली. "महिना झाला, पुलावरून पीठ आणतेय." तिच्यामागे मोजणीकाका गेले, चाकासकट. मग ज्या गृहस्थांना मूलबाळ नव्हतं ते निघाले. पलीकडे त्यांना काही काम नव्हतं. दिलेल्या वर्गणीचा मोबदला म्हणून ते नुसतेच जाऊन परत आले. निषेध मात्र सगळ्यांनी केला. काहींनी पलीकडे पोचल्यावर केला.

गवंड्याने पैसे मागितले तेव्हा मी आकडा ऐकून चमकलो. "बांधायचे याच्या निम्मे घेतले होतेत!"

"बांधताना कुणी अंगावर आलं नव्हतं, साहेब," तो म्हणाला.

हिने माझ्या हातातली पर्स घेतली, पैसे मोजून दिले आणि लेकीचा हात धरून भोकातून निघून गेली. पाळीला ती वेळेच्या आधी पोचली. दुपारी पाळी संपल्यावर ती पालिकेत गेली आणि खिडकीतल्या बाईंना म्हणाली, "आम्ही पुन्हा जवळ राहायला आलोय. किती भरायचे?" दोघी हसल्या म्हणे. मला त्या खिडकीत कधी कुणी हसलेलं दिसलं नव्हतं.

प्रमुखाची जागा हिला मिळाली. साडूचा फोन आला तेव्हा तो मी घेतला नाही.

तर कुणी काय भरलं त्याचा हिशेब असा. भिंत बांधायचे पैसे सोसायटीने भरले, त्यात ज्यांना मुलं नाहीत त्यांनीसुद्धा. फोडायचे हिने भरले, बांधण्याच्या दुप्पट. व्हॅनवाल्याने महिन्याचे आगाऊ घेतले होते, ते आमचे बुडाले. त्या महिन्यात पालिकेने चौदा मुलांना फुकट आणल्याचे पैसे बसवाल्याला दिले आणि मग पास रद्द करून चौदा घरांकडून शुल्क नि वर दंड वसूल केला. म्हणजे पालिकेचंही काही गेलं नाही. आमच्या घरचं शुल्क, दंड, आणि वर्षाच्या उरलेल्या महिन्यांचे आगाऊ, हे सगळं हिने प्रमुखाच्या पहिल्या वाढीव पगारातून भरलं. बाकीच्या तेरा घरांनीही आपापलं भरलं आणि त्यासाठी जे काही बोलायचं होतं ते मला जिन्यात बोलून घेतलं.

पालिकेला मी एक पैसाही भरला नाही. पावती आली तेव्हा लेकीने ती माझ्यासमोरून नेऊन आईच्या हातात दिली.